आधी सुरुवातीला तरी पोचा

200 किलोमीटरच्या सायकल ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात. ताशी 20 किलोमीटरने चालवलं तर दहा तासांत अंतर संपतं आणि खाणं, पाणी, कार्डावरच्या सह्या, एखादं पंक्चर, घाटातलं धापा टाकणं या सगळ्याला मिळून साडेतीन तास हातात राहतात. हिशेब बरा दिसतो. पण पहाटेच्या सुरुवातीला माणूस दीड तास झोपून आलेला असेल, टेम्पोत सायकलचा गिअर वाकलेला असेल आणि मागचा दिवा घरी चार्जिंगलाच राहिलेला असेल, तर हे साडेतीन तास पहिल्या कंट्रोलच्या, म्हणजे वाटेत कार्डावर सही घेण्याच्या ठिकाणाच्या, आतच खर्च होतात. 100 किलोमीटरवरचं कंट्रोल सुरुवातीपासून 6 तास 40 मिनिटांनी बंद होतं. तुम्ही उशिरा निघालात म्हणून ते तुमच्यासाठी उघडं राहत नाही.

ब्रेवे ही शर्यत नव्हे. कोण पहिला आला याला तिथं किंमत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर पुरं केलं की झालं. 200, 300, 400 आणि 600 किलोमीटर एकाच हंगामात पुरे करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात आणि त्या नोंदींवर पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचं शिक्कामोर्तब होतं. पुढचं स्वप्न म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1891 पासूनची, आता दर चार वर्षांनी होणारी, बाराशे किलोमीटरची आणि नव्वद तासांची वारी. मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या माणसाला चढावाची खरी परीक्षा द्यायची तर हाताशी असलेल्या दोन वाटा: शहापूरवरून कसारा घाट, नाहीतर मुरबाडवरून माळशेज. हा लेख शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना धरून आहे. इथून शहरातल्या सुरुवातीला जाणाऱ्यांसाठी आहे आणि शहरातून इकडे येणाऱ्यांसाठीही.

सराव कसा करायचा हे इथे सांगणार नाही. शेवटच्या आठवड्यात पायांत नवं बळ येत नाही. आहे ते वाया जाऊ न देणं एवढंच हातात असतं, आणि ते सहसा घर ते सुरुवातीची रेषा एवढ्याच प्रवासात वाया जातं.

आधी सायकल. दुकानात द्यायची असेल तर दहा दिवस आधी द्या, आदल्या शुक्रवारी नको. सर्व्हिसिंग करून आणलेल्या सायकलवर निदान 50 किलोमीटर, तेही थोडा चढउतार असलेल्या रस्त्यावर फिरा. नव्या केबल पहिल्या काही दिवसांत ताणतात आणि गिअर आपोआप सरकू लागतो. जुन्या कॅसेटवर नवी चेन चढवली तर दाते झिजलेले असल्यामुळे जोर लावताक्षणी चेन उड्या मारते. सपाटीवर हे कळत नाही, कसाऱ्याच्या चढावर कळतं. ब्रेकचे नवे पॅडही बसायला वेळ मागतात. घाट उतरताना ते नीट धरतात की नाही हे पहिल्यांदा पाहण्याची जागा घाट नव्हे. नवी सॅडल, नवे बूट, नवी पॅडची चड्डी यांचंही तेच. ज्या वस्तूवर तुम्ही शंभर किलोमीटर बसला नाहीत ती ब्रेवेला घालू नका, कितीही महाग असो.

आता शहापूर-मुरबाडकडे गेलात की भेडसावणारी एक गोष्ट, जी शहरातल्यांच्या लक्षातच येत नाही. महामार्गावर पंक्चरवाले जागोजागी आहेत, त्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर असतो आणि मदत करायला ते नेहमी तयार असतात. पण त्यांचं नोझल बसतं स्कूटर-मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हला. रोड बाइकचा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह पाहिला की तो माणूस बिचारा सायकल उलटसुलट करून बघत राहतो. पितळेचं चिमुकलं अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतं. ते व्हॉल्व्हवर फिरवून बसवलं की काम झालं. दोन घ्या, एक हरवतंच. ट्यूबचंही असंच आहे. गावच्या दुकानात 26 आणि 28 इंची ट्यूब मिळतात, 700 बाय 25 मिळेल या भरवशावर राहू नका. दोन ट्यूब, ठिगळं, पंप, ॲलन कीचा जुडगा, चेनची जोडकडी, चार केबल टाय आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा एवढं जवळ असू द्या. टायर आडवा फाटला तर तो तुकडा आतून लावून ट्यूब बाहेर येण्यापासून वाचवता येते. हे सामान पिशवीत आहे का एवढंच बघू नका, एकदा घरी बसून त्यानेच चाक काढा, ट्यूब बदला, हवा भरा. अंधारात पडघ्याच्या कडेला पहिल्यांदा टायर लिव्हर हाताळणं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

दिव्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण याच कारणावरून लोकांना सुरुवातीलाच अडवलं जातं. हेल्मेट, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा आणि चमकपट्ट्यांचं जॅकेट नसेल तर आयोजक निघू देत नाहीत आणि बरोबर करतात. सकाळी सहाला निघून साडेतेरा तास म्हणजे संध्याकाळचे साडेसात. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे 'दिवसाची ब्रेवे' म्हणून दिवा नाही नेला तर शेवटचा दीड तास अंधारात, तोही ट्रकच्या गर्दीत. दिवा पूर्ण चार्ज करून घरात किती तास जळतो ते घड्याळ लावून मोजा. डब्यावर लिहिलेले तास मंद उजेडाचे असतात. आणि चार्जिंग आदल्या संध्याकाळवर ठेवू नका. ग्रामीण फीडरवर वीज कधी जाईल याची खात्री महावितरणलाही नसते.

आता प्रवास. गंमत अशी की माणसं मार्गाचा चढउतार फोनवर आठवडाभर अभ्यासतात आणि सुरुवातीच्या जागी कसं जायचं हे आदल्या रात्री विचारतात.

शहापूरला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, आसनगावला उतरायचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तालुक्याचं गाव असूनही कल्याणपर्यंत तीसेक किलोमीटर रस्त्यानेच जावं लागतं. त्यामुळे मुरबाड, सरळगाव, टोकावड्याकडच्या स्वाराला ठाण्यात पहाटे चारची सुरुवात गाठायची असेल तर आदल्या संध्याकाळीच निघणं भाग आहे. मध्यरात्री निघून शहाडच्या पुलावर अडकलेली माणसं सुरुवातीला पोचतात, पण चिडलेली आणि उपाशी. एसटीच्या टपावर सायकल बांधून नेण्याचे दिवसही गेले, आताच्या बहुतेक गाड्यांना टपावर कॅरियरच नसतं. लोकलच्या मालडब्यात सायकल घालणारे लोक दिसतात, पण नियम काय आणि सामानाचं तिकीट कसं काढायचं हे आपल्या स्टेशनवर दोन दिवस आधी विचारून ठेवा. पहाटे तिकीट तपासनिसाशी वाद घालण्यात कुणाचाच फायदा नाही. भाजीच्या टोपल्या आणि दुधाचे कॅन घेऊन रोज त्याच डब्यातून जाणाऱ्यांचा त्या जागेवर तुमच्याआधी हक्क आहे, हेही ध्यानात असू द्या.

लांब पल्ल्याच्या गाडीने, म्हणजे नाशिक-जळगावकडून कल्याणला किंवा उलट, सायकल न्यायची असेल तर ती सामान म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये जाते. मोफत सामानाच्या मर्यादेत तिला धरत नाहीत, वेगळं भाडं पडतं. गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी ती सामान कार्यालयात हजर करावी लागते. तासभर आधी गेलात तर उत्तम. गाडीचा थांबा दोन-तीन मिनिटांचा असेल तर सायकल तुमच्या स्टेशनवर उतरेलच असं नाही. माणूस कल्याणला आणि सायकल दादरला, असा प्रकार नवा नाही. म्हणून मोठा थांबा असलेलं स्टेशन निवडा, जमल्यास एक दिवस राखून निघा. हँडल, पेडल आणि गिअरची बाजू जुन्या चादरीत गुंडाळा, आणि दिवा, मीटर, पाण्याच्या बाटल्या, सॅडलखालची पिशवी हे सगळं काढून स्वतःजवळ ठेवा. नाव, फोन नंबर आणि दोन्ही स्टेशनांची नावं लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला घट्ट बांधा.

बहुतेक लोक अर्थात गाडीने किंवा टेम्पोने जातात, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. सायकल आडवी ठेवायची तर चेनची बाजू वर. ती खाली गेली आणि वर दुसरी सायकल पडली की मागचा डिरेलर ज्या नाजूक पट्टीवर टांगलेला असतो, तो हँगर वाकतो. वाकलेल्या हँगरवर सगळ्यात मोठा दाता टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि ब्रेवे तिथेच संपते. तुमच्या मॉडेलचा एक जादा हँगर पिशवीत ठेवा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा चालत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. वाटेत चुकून ब्रेकचा दांडा दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पहाटे चाक आत जाईना होतं. आणि चाकाचा आस. चाक काढून गाडीत टाकलं, आस पार्किंगमध्ये जमिनीवर राहिला, असे प्रसंग जवळपास प्रत्येक ब्रेवेच्या गप्पांत ऐकायला मिळतात. चाक काढलं की आस लगेच परत फ्रेममध्ये फिरवून ठेवायचा, याहून चांगला उपाय नाही.

नकाशाबद्दल एक सावधगिरी. तुम्हाला सोडायला येणारी गाडी चालकाने मोटारीच्या मार्गावर लावली तर फोन तिला समृद्धी महामार्गावर चढवू शकतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. वाटेत कुठेही थांबता येत नाही, पुढच्या इंटरचेंजशिवाय उतरता येत नाही. कसाऱ्याला भेटायचं ठरलेला मित्र मग इगतपुरीहून फोन करतो. सायकलला आणि दुचाकीला तर त्या रस्त्यावर बंदीच आहे, त्यामुळे स्वतःच्या फोनवरही मार्ग मोटारीचा नाही ना, हे पाहून घ्या. आयोजकांची मार्गफाइल फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदावरची क्यू-शीट, म्हणजे वळणांची यादी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलला लावा. माळशेजच्या बाजूला घाट लागला की नेटवर्क येतं-जातं, आणि त्याबरोबर यूपीआयही. दहा-वीस-पन्नासच्या नोटा असू द्या. पाचशेची नोट मोडून द्यायला सकाळी सातला चहावाल्याकडे सुटे नसतात.

आदल्या रात्रीचा मुक्काम कुठे? शहापूरला लॉज मिळतात, पण बरेचजण मुरबाड-शहापूरच्या नातेवाइकांकडे उतरतात. इथे धोका वेगळा. "एवढी सायकल चालवायचीय, मग नीट जेव की रे," म्हणत मावशी मटणाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी पुढे करते आणि नाही म्हणणं अवघड होतं. मावशीला दोन दिवस आधीच फोन करा: साधा वरणभात, बटाट्याची भाजी, आठ वाजता. मटण रविवारी रात्री. ती रागावेल, पण ऐकेल. तिखट, तेलकट आणि उशिराचं जेवण पहाटे तीनला ज्या रीतीने आठवण करून देतं, त्याला साडेतेरा तासांत जागा नाही.

दुसरी गोष्ट हळदीची. आपल्या ग्रामीण ठाण्यात लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की हळदीची रात्र म्हणजे डीजे, आणि ब्रेवेचा हंगामही नेमका नोव्हेंबरपासून जोर धरतो. ज्या घरी झोपणार त्याच्या शेजारी हळद आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका. असेल तर दुसरं घर शोधा, किंवा निदान कानात घालायला बोळे न्या. तरीही झोप लागली नाही तर घाबरू नका. महत्त्वाची झोप आदल्या रात्रीची नसून त्याच्या आधीच्या रात्रीची असते. गुरुवारी आणि शुक्रवारी नीट झोपला असाल तर शनिवारची जागरणाची रात्र निभते.

आता रस्ता, थोडक्यात, कारण तो तुम्हाला चालवल्यावर कळणारच आहे. नाशिक महामार्गावर पडघा, वाशिंद, आसनगाव या गावांपाशी उड्डाणपुलांची कामं निघाली की वाहतूक तुंबते आणि कडेची खडी रस्त्यावर येते. तिथे वेग कमी ठेवा, टायरचं पंक्चर तिथेच होतं. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांच्या मधल्या लांबट फटीत अरुंद चाक अडकतं, ती ओलांडायची तर जमेल तितक्या काटकोनात ओलांडा. कसाऱ्याला जुना आणि नवा असे दोन घाट आहेत. दुरुस्ती किंवा दरड यामुळे एक बंद झाला की दोन्हीकडची वाहतूक दुसऱ्यावर येते. निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहा आणि घाटात समोरूनही वाहनं येतील असं धरूनच चाला. घाटमाथ्यावर इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, हिवाळ्यात उतरताना घामेजलेल्या अंगाला वारा झोंबतो. छातीला लावायला वर्तमानपत्राची घडी पुरते.

याच रस्त्यावरून मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या पायी पालख्या जातात आणि नवरात्रात वणीहून ज्योत घेऊन पळणारी पोरं येतात. अंधारात ती डाव्या कडेलाच असतात, म्हणजे तुमच्याच जागेत. घंटी असू द्या. ओरडण्यापेक्षा ती बरी. मुरबाड-कर्जत रस्त्यावर पौष पौर्णिमेच्या सुमाराला म्हसा इथली यात्रा भरते, बैल, घोंगड्या आणि अख्ख्या जिल्ह्याची गर्दी घेऊन. कॅलेंडर बघूनच तो मार्ग धरा. भाताच्या कापणीनंतर पेंढ्याने ओसंडून वाहणारे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या मागे राहू नका आणि घाईने बाजूनेही काढू नका. पावसाळ्यात ब्रेवे असेल तर उल्हास नदीवरचा रायते पूल पाण्याखाली गेला की कल्याण-मुरबाड रस्ता तुटतो. माळशेजला दरडी कोसळतात. अशा दिवशी आयोजकांनी ब्रेवे पुढे ढकलली तर त्यांच्यावर चिडू नका.

पाण्याबद्दल एक सांगणं राहिलं. तानसा, भातसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या लगत आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मार्च ते मे दरम्यान कुणाच्या दारात बाटली भरायला गेलात तर कुणी नाही म्हणणार नाही. म्हणूनच मागताना विचार करा. दोन बाटल्या सुरुवातीला भरा, पुढचं पाणी विकत घ्या, आणि चेन किंवा तोंड धुवायला हंड्यातलं पाणी मागू नका. ओआरएसची पाकिटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की एवढं खिशात असलं की मधला टप्पा निभतो. कंट्रोलवर भूक नसली तरी काहीतरी खा.

बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते, मध्ये गाडी सोबत चालवली तर अपात्र ठरवतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये जोडीने रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली, तिथे सोबत चमू लागतोच, शर्यतीचा नियमच तसा. ब्रेवेचा नियम उलटा आहे, म्हणून घरच्यांनी काळजीपोटी गाडी घेऊन मागे येऊ नये हे त्यांना नीट समजावून सांगा. त्याऐवजी तीन नंबर फोनमध्ये आणि कागदावरही ठेवा: 112, रुग्णवाहिकेचा 108 आणि राष्ट्रीय महामार्गाचा 1033. पाकिटात रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर लिहिलेला कागदही असू द्या.

शेवटी सोडून देण्याची वेळ आली, गुडघा दुखला, पोट बिघडलं, टायर फाटला, तर पहिला फोन आयोजकांना. न सांगता घरी गेलात तर ते तुम्हाला शोधत रात्री रस्त्यावर फिरतात. परतीला कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव यापैकी जवळचं स्टेशन गाठता येतं, मात्र रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. कुठल्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत, हे शनिवारीच पाहून कागदाच्या मागे लिहून ठेवा. माळशेजकडून परतणाऱ्याला रेल्वे नाहीच, टोकावडे किंवा मुरबाडला थांबून गाडी बोलवावी लागते. तिथल्या एखाद्या टेम्पोवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा आणि किती पैसे हेही आधीच ठरवा.